बैलाने खाल्लेला बडग्या

आमच्या घरी सकाळ व्हायची ती बांबू फाटण्याच्या आवाजाने. बाबा अंगणात पोत्यावर बसायचे, कोयत्याचं पातं बांबूच्या तोंडावर ठेवायचे, वरून लाकडी ठोकळा हाणायचे आणि मग दोन्ही हातांनी नुसता जोर द्यायचे. बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत चरचरत उलत जायचा. ज्याने लहानपणी अंथरुणात पडून तो आवाज ऐकला त्याला दुसऱ्या गजराची गरज पडत नाही. आता मी नागपूरच्या बेसा भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. समोर रोज एक नवी बिल्डिंग उभी होते आणि सकाळपासून कोणी ना कोणी मशीन लावून लोखंड कापत असतं. सून खिडक्या लावून घेते. ती बाजूला गेली की मी एक खिडकी उघडतो. कोणी तरी काही तरी फाडतं आहे, म्हणजे दिवस उगवला, असं मला अजून वाटतं.

घर इतवारीच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, आणि त्या दोन्ही खोल्यांहून मोठं अंगण. अंगणात एक कडुलिंब, त्याच्याखाली ओला बांबू, वाळलेला बांबू, भिजत घातलेल्या कामट्या, अर्धी विणलेली सुपं, टोपल्या, तट्टे. लग्नाच्या परड्या आमच्याकडून जात आणि मयताची तिरडीही आमच्याकडूनच जाई. दोन्हींचा बांबू एकाच ढिगातून निघे आणि बाबा दोन्हींवर सारखीच नजर ठेवून काम करत. घरातली एकूण एक वस्तू बांबूच्या रंगाची. मायची भाकर ज्वारीची, म्हणजे तीही त्याच रंगाची. रंग म्हणून जो काय असे तो ताटातच: जवसाची काळपट चटणी, अंबाडीची हिरवी भाजी, वरणावर तरंगणारी लाल मिरचीची फोडणी. मी ताट फिरवून फिरवून हे रंग जवळ आणायचो, लांब करायचो, आणि माय म्हणायची, "जेव ना रे बाप्पा, ताटाचा देखावा कायले करून राहिला?"

अलीकडे एका बाईंनी माझ्या कामावर लेख लिहिला. नातीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बाजाराच्या संस्कृतीवर भाष्य करतो असं त्यात होतं. करत असेन. मला एवढंच ठाऊक आहे, की ज्याच्या घरात सगळंच पिवळट असतं त्याला साबणाच्या गुलाबी कागदाचं वेड लागतं. मी घराच्या भिंतीएवढं विडीचं लेबल रंगवलं, तेलाच्या रिकाम्या डब्यांचा डोंगर उभा केला, तेव्हा मला कोणी पॉप आर्टिस्ट म्हणालं, कोणी आणखी काही म्हणालं. म्हणोत बापडे. मी चौथी शिकलो. शाळा मी सोडली, शाळेने मला काढलं नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

शाळा सोडली त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या पोत्याशेजारी दुसरं एक पोतं घडी घालून अंथरलं. ती माझी जागा. तिथे बसून मी कामट्या सोलायला शिकलो, बोटं कापून घेतली, सूप विणायला शिकलो. सूप मला बरं जमायचं. पण मी विणता विणता मधेच उलट्या सालीची पट्टी घालायचो, म्हणजे सुपावर नक्षी उमटायची, आणि बाबा ते सूप उलगडून पुन्हा विणायला लावायचे. "सुपात दाने पाखडाचे हायेत, सुपाले कोन पाहते?" मी पाहतो, असं मी म्हणायचो. असं वर्षभर चाललं असेल. मग एक दिवस मी उठून चौकातल्या पेंटरच्या दुकानात गेलो तो संध्याकाळीच परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

त्या पेंटरला सगळे उस्ताद म्हणत. ते पत्र्याच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती करत. साबण, केसांचं तेल, विडी, दंतमंजन. पहिले काही महिने मी ब्रश धुतले, मग अक्षरांच्या आतला रंग भरला, मग एक दिवस उस्तादांनी साबणवाल्या बाईचे गाल माझ्यावर सोपवले. त्या गालांचा गुलाबी मला आजही डोळे मिटून कालवता येतो. दुकानातून येताना मी रस्त्यावरची लेबलं, वेष्टनं, काडेपेट्यांची चित्रं गोळा करून आणायचो आणि अंथरुणाजवळच्या भिंतीला चिकटवायचो. बाबा म्हणत, "भिंतीवर उकिरडा मांडून राहिला काय बे?" मायला त्यातला काडेपेटीवरचा पोपट आवडे, ती त्याच्याकडे बघून केस विंचरायची.

अंगणातलं माझं पोतं मात्र बाबांनी उचललं नाही. रोज सकाळी माय दोन्ही पोती झटकायची आणि दोन्ही शेजारी शेजारी अंथरायची. एकावर बाबा बसत, दुसरं रिकामं. गिऱ्हाईक आलं आणि त्या पोत्यावर बसू लागलं तर बाबा म्हणत, "तिथं नाही, इकडं बसा." माझा मार सहन करायचा स्वभाव होता, शिव्याही मी सहन करायचो, पण ते रिकामं पोतं मला सहन होत नसे. मी मागच्या बाजूने घरात शिरायचो.

आता बडग्या. नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. मारबत ही बाई, बडग्या हा पुरुष. बांबू, कागद, चिंध्या यांचे मोठाले पुतळे. ज्या गोष्टीने लोकांना वर्षभर छळलं तिचा बडग्या करायचा, त्याला गावभर फिरवायचा, शिव्या घालायच्या, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडायचं, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा. रोगराई, लबाड पुढारी, आटलेले नळ, काहीही. आमच्या गल्लीच्या बडग्याचा सांगाडा नेहमी बाबा बांधत. कणा, बरगड्या, पोटाचं कडं, मान. मग गल्लीतली पोरं त्यावर कागद चिकटवून तो झाकून टाकत, थोबाड रंगवत, आणि लोक त्या थोबाडाला हसत. सांगाडा कोणी पाहत नसे. बाबांनाही त्याचं काही नव्हतं. असं मला तेव्हा वाटायचं.

ज्या वर्षाची गोष्ट आहे त्या वर्षी महागाईचा बडग्या करायचं ठरलं. गल्लीतले शामराव, ज्यांना सगळे पहेलवान म्हणत, ते बडग्याचे पुढारी. त्यांनी थोबाडाचं आणि कागदाचं काम एकट्या माझ्यावर टाकलं. मी तेव्हा मिसरूड फुटलेला पोट्टा, मला आकाश ठेंगणं झालं. घरी येऊन सांगितलं तर बाबांनी कोयता खाली ठेवला.

"असं करू," ते म्हणाले. "तू थोबाड कर, मी हाडं करतो. इथून निघून जळेपर्यंत लोकं तुह्या बडग्याच्या मांगं चालले, तं तू अन् तुहा रंग. मी काही बोलनार नाही. मधातच लोकं पांगले, तं या पोत्यावर येऊन बसाचं. मंजूर हाय?"

"मंजूर."

"माय हाय साक्षीले."

"मले नोका घालू तुमच्यात," माय आतून म्हणाली. पण ती ऐकत होती.

मी महागाईचा एक जाडा माणूस करायला घेतला, आणि त्याचं सगळं अंग लेबलांनी मढवायचं ठरवलं. जे जे लोकांना घेणं परवडत नव्हतं ते ते त्याच्या अंगावर. हाताला चहाची वेष्टनं, पायाला विडीची लेबलं, पोटावर तेलाच्या डब्यांचे कागद, आणि वर साबणवाल्या बाईच्या गुलाबी गालांचं पण मिशीवालं थोबाड. असं कोणी केलं नव्हतं. मी आजवर जे काही केलं त्याचं बी तिथेच आहे, हे मी छाती ठोकून सांगतो. हातपाय आधीच झाले. पोट आणि थोबाड, म्हणजे खरं काम, पोळ्याच्या दिवसावर आलं.

कागद चिकटवायची खळ कणकेची करतात आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे उंदीर-घुशी, जनावरं तोंड लावत नाहीत. पोळ्याच्या दिवशी दुपारी माझं मोरचूद संपलं आणि दुकानं बंद. म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न, उद्या तर जाळायचाच आहे. माय चुलीपाशी पुरणपोळ्या लाटत होती. एकच मोठा गंज, म्हणजे पातेलं, रिकामा होता, ज्यात तिने पुरण शिजवलं होतं. बुडाला, कडांना गूळ आणि डाळ चिकटलेली. मी तो धुतला नाही. त्यातच कणीक कालवून खळ शिजवली. फार छान चिकट झाली. वासही छान येत होता. त्या खळीने मी पोट मढवलं, थोबाड लावलं, रंगवलं, आणि बडग्याला कडुलिंबाला टेकवून वाळायला उभा केला. दाराच्या उंचीहून उंच. गल्लीतली पोरं येऊन पाहून गेली. पहेलवान येऊन म्हणाले, "वा बे, पोट्ट्या! याले तं जाळाची इच्छाच नाही होत."

आमच्या घरी बैल नव्हते. पण शेजारचे किसनाजी बंडी हाकत, बाजाराचा माल वाहत, आणि त्यांचा हऱ्या नावाचा पांढरा बैल हाच आमचाही पोळ्याचा बैल. आदल्या संध्याकाळी माय त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळून यायची आणि त्याच्या कानात म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे हे सगळ्या बैलांना म्हणतात. पोळ्याच्या दिवशी बैल हा घरचा पाहुणा असतो. त्याला जुंपायचं नाही, मारायचं नाही, हाकलायचं तर मुळीच नाही.

पोळा फुटला, आणि ऊन उतरताना किसनाजी हऱ्याला घेऊन आले. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं. माय आरतीचं ताट घेऊन दारात उभी. ताटात पुरणपोळी, तीवर तुपाची धार. बाबा धुतलेलं धोतर नेसून हात जोडून उभे. हऱ्या अंगणात शिरला, मायच्या ताटाकडे आला, नाक वर केलं, थांबला, आणि शांतपणे वळून कडुलिंबाकडे गेला. त्याने बडग्याच्या पोटाचा वास घेतला. मग जीभ काढून एकदा चाटलं. मग तोंडात धरून ओढलं. तेलाच्या डब्यांचे कागद टरकन निघाले.

"हाकला ना त्याले!" मी ओरडलो.

"आज?" किसनाजी म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. "आज मी त्याले हात लावू?"

"मंग मी हाकलतो!"

"खबरदार," बाबा म्हणाले. हात अजून जोडलेलेच. "पाव्हना जेवून राहिला."

"अवं माय," माय शेजारणीला हळूच म्हणाली, "मीच देल्लं होतं वं आवतन. आता भरल्या ताटावरून कसं उठवू?"

सगळी गल्ली जमली. पोरं हसून हसून लोळत होती, म्हातारे हात जोडून उभे होते, आणि हऱ्या सावकाश जेवत होता. पोट संपवलं. मग शिंगाने बडग्या आडवा पाडला आणि थोबाड खाल्लं. आधी एक गाल, मग मिशी, मग दुसरा गाल. हातपाय हुंगून सोडून दिले, कारण त्यांत मोरचूद होतं. पण ओढाताणीत तेही लोंबायला लागले होते. नंतर मायने पुरणपोळी पुढे केली तर त्याने तोंड फिरवलं. पोट भरलं होतं. माय इतकी कशाने दुखावली नाही तितकी याने दुखावली. आणि दुसऱ्या दिवशी हऱ्याचं शेण गुलाबी पडलं, असं किसनाजी पुढे मरेपर्यंत सांगत. मी ते पाहिलेलं नाही.

लोक गेल्यावर मी बडग्या उभा केला. उरलेल्या चिंध्या ओढून काढल्या. मावळतीचं ऊन अंगणात आडवं येत होतं आणि ते त्या बरगड्यांमधून आरपार गेलं. मी लहानपणापासून बाबांना सांगाडे बांधताना पाहत होतो, पण तयार झालेला, उभा, उघडा सांगाडा मी कधी पाहिलाच नव्हता. तो आम्ही लगेच झाकायचो. मान कशी थोडी पुढे काढली होती, खांद्याची कामटी कशी वाकवली होती, जसा ओझं वाहून दमलेला माणूस उभा राहतो तसा. हे मी पाहत उभा राहिलो. कोणी म्हणेल मी तेव्हा दुःखी होतो. नव्हतो. माझं डोकं जोरात चाललं होतं.

पहेलवान आले. "गल्लीतून रद्दी गोळा करतो. पेपर चिकटव, काळं थोबाड काढ, काम भागते."

"नाही चिकटवत."

"काहून?"

"हा असाच निघन."

"बिना थोबाडाचा? बिना पोटाचा? हा कोनाचा बडग्या होय बे मंग?"

"ज्याचा त्याचा," मी म्हणालो. "याचं पोट रिकामं जाईन. ज्याले जे धाडाचं हाय, त्यानं ते यात टाकावं."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. भांडता भांडता तोंडातून निघालं. माझी बरीचशी चांगली कामं अशी कोणाशी तरी भांडताना निघालेली आहेत. पहेलवानांनी कपाळावर हात मारला. "लोकं थुकतीन आपल्यावर. तुह्या नावावर जाईन हे, गल्लीच्या नाही." आणि ते निघून गेले.

बाबा पोत्यावर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "शर्त ध्यानात हाय ना?"

"हाय."

"मंग कागद लाव. अजून वेळ हाय."

"नाही लावत."

शर्त जिंकायला त्यांना फक्त गप्प बसायचं होतं, हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षं लागली. ते उठले, सांगाड्याभोवती एक फेरी मारली, आणि डाव्या बाजूची एक बरगडी हलवून पाहिली. बैलाच्या शिंगाने ती ढिली झाली होती. त्यांनी बांबूची साल घेऊन ती घट्ट बांधली आणि हात झटकून घरात गेले.

करीच्या सकाळी मी आणि माझा मित्र मधू, आम्ही दोघांनी तो उचलला. मागे गल्लीतले लोक, ढोल, आणि सगळ्यांत शेवटी बाबा. मोठ्या रस्त्याला लागलो तर एवढी गर्दी, की पायाखालची जमीन दिसेना. पिवळी मारबत, काळी मारबत, बाया लेकरांना कडेवर घेऊन आलेल्या, तुताऱ्या, आरोळ्या. इतर मोहल्ल्यांचे बडगे एकाहून एक: ढेरपोटे, दात विचकलेले, गळ्यात जोड्यांच्या माळा. आमचा बघून लोक सुरू झाले.

"काहून गा, उपाशी ठेवला काय याले?"

"याले महागाईनंच खाल्लं वाटते!"

"अबे, तिरडी उभी करून आनली काय?"

ही शेवटची मला लागली. मी मागे वळून पाहिलं. बाबांनी ऐकलं होतं, पण ते समोर बघत चालत होते. आमच्या गल्लीतले लोक एक एक करून मागे राहू लागले. कोणी पान खायला थांबलं, कोणी दुसऱ्या बडग्यामागे गेलं. ढोलवालाही दुसरीकडे वाजवायला लागला. एक चौक ओलांडला तेव्हा आमच्यामागे फक्त बाबा होते. मधू म्हणाला, "भाऊ, पोत्यावर बसाची तयारी कर." मी म्हणालो, "चाल तू."

वळणावर सगुणाबाई बसायची. फुटाणे भाजून विकणारी म्हातारी, आमच्याच गल्लीतली. गर्दीने तिची भट्टी बंद होती आणि ती राशनची थैली हातात घेऊन उभी होती. बडग्या समोर आला तशी ती पुढे आली आणि बरगड्यांमधून आत डोकावली, जसं एखाद्याच्या घरात डोकावावं.

"याच्या पोटात काहीच नाही काय रे?"

"नाही आजी. तुमाले जे धाडाचं असन ते टाका त्यात."

"काहीबी?"

"काहीबी."

तिने हातातल्या थैलीकडे पाहिलं. मग ती थैली तिने बडग्याच्या बरगडीला बांधली, दोन गाठी मारल्या आणि त्याच्या छातीवर थाप मारून म्हणाली, "ने बाप्पा. रिकामीच वापस आनू आनू थकली मी." आणि मग तिच्या त्या फाटक्या आवाजात ओरडली, "घेऊन जा रे बडग्या!"

झालं. शेजारी उभ्या एका बाईने कंदिलाची फुटकी काच आत टाकली. दुसरीने आपल्या नवऱ्याच्या दारूची बाटली बांधली, नवरा तिथेच उभा होता, म्हणाला, "अवं, त्यात अजून घोट हाय!" आणि लोकांनी त्याला हसून बेजार केलं. कोणी औषधाची बाटली, कोणी केरसुणीचा बुडखा, एका पोराने भूमितीचं पुस्तक. एका तरुण बाईने पदरातून एक गाठ मारलेली चिंधी काढली आणि अगदी मधोमध, कण्याला बांधली. मधूने विचारलं, "यात काय हाय वं?" ती म्हणाली, "तुले काहून सांगू?" लोक दुकानातून, वरच्या माळ्यावरून वस्तू फेकायला लागले. आम्हाला दर दोन पावलांवर थांबावं लागत होतं. ओझं वाढलं, तशी माणसं खांदा द्यायला पुढे आली. पहेलवान कुठून आले कोण जाणे, आपल्या दुखऱ्या गुडघ्याची पट्टी सोडून त्यांनी बडग्याच्या गुडघ्याला बांधली आणि मला म्हणाले, "बोलत काहून नव्हता बे आदी?" मागे पाहिलं तर रस्ता संपेपर्यंत डोकी. बाबा मात्र दिसले नाहीत.

पुढे मी म्हातारा झाल्यावर एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने मला हा बडग्या पुन्हा करायला बोलावलं होतं. मी केला. लोकांनी वस्तू बांधल्या, रडले, फोटो काढले. मग साहेब लोक म्हणाले, आम्ही हा काचेत ठेवतो. मी म्हटलं, लोकांनी ज्या पीडा धाडायला दिल्या त्या तुम्ही कपाटात सांभाळणार? जाळा. ते म्हणाले, जाळायचा नियम नाही. मी ट्रक केला, तो इथे आणला आणि करीच्या दिवशी जाळला. तेव्हापासून मला फार हट्टी समजतात. बरोबर समजतात.

गावाबाहेरच्या मैदानात पोहोचलो तेव्हा बडग्याचं पोट भरून वर गळ्यापर्यंत आलं होतं. एवढा जाडा बडग्या मी कागदाने कधीच करू शकलो नसतो. पहेलवान काडी ओढणार तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. घरी जाऊन आले होते. धोतर घोट्यापर्यंत धुळीने भरलेलं. त्यांच्या काखेत घडी घातलेलं पोतं होतं. माझं पोतं. मी ते लांबून ओळखलं. एका कोपऱ्यावर माझ्याच हातचा लाल रंग सांडलेला होता. ते माझ्याकडे न बघता बडग्याजवळ गेले. आत जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते खांद्यावर ठेवलं, जिथे त्यांनी स्वतः कामटी वाकवली होती तिथे, आणि कमरेला खोचलेली बांबूची साल काढून तिरडीला मारतात ती गाठ मारली. ती गाठ सुटत नाही. मग दोन पावलं मागे सरून पहेलवानांना म्हणाले, "लावा."

बांबू जळताना त्याच्या गाठी फुटतात, बंदुकीसारखा आवाज होतो. गाठी फुटत होत्या आणि लोक ओरडत होते. बाबा माझ्या शेजारी उभे होते. आग बसत आली तेव्हा म्हणाले, "बांबू चांगला वाळला होता." त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल मी ऐकलेलं हेच एक वाक्य, आणि तेही त्यांच्या बांबूबद्दल होतं. मला पुरलं. आम्ही घरी आलो, मायने कालच्या पोळ्या तव्यावर तूप सोडून पुन्हा गरम केल्या, आणि आम्ही तिघं पोट भरून जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बांबू उलला तेव्हा मला जाग आली. माय पोती झटकत होती. एक झटकलं, अंथरलं, आणि सवयीने दुसऱ्यासाठी वाकली. तिचा हात तसाच राहिला. तिथे नुसती पांढरी, दबलेली जमीन होती, पोत्याच्या आकाराची.

"अवो, इथलं?" ती म्हणाली.

बाबांनी कोयता बांबूवर टेकवला, ठोकळा उचलला आणि मान वर न करता म्हणाले, "त्याले म्हना, रंगाचे डबे तिथं मांडत जा. घरात पायात येतेत."